खाडीतली होडी तलावात सोडण्याआधी: परक्या शिंपल्या आणि बोटतपासणी, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे आणि नवी मुंबईत स्वतःची कयाक, फुगवायची बोट किंवा गळाला जाण्यापुरती छोटी फायबरची होडी असलेले लोक आता बरेच आहेत. शनिवारी कोलशेत किंवा ऐरोलीच्या खाडीत, रविवारी एखाद्या तलावावर किंवा धरणाच्या फुगवट्यावर, असा अनेकांचा क्रम असतो. होडीबरोबर परक्या शिंपल्याही खाडीतून तलावात जाऊ शकतात, म्हणून ती उतरवण्याआधी तपासा, असं आम्ही सांगतो. त्यावर या लोकांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसरीकडे लागली, तर तिथे फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. तिसऱ्या, कालवं, शिनाणे आपण पिढ्यान्‌पिढ्या खातोय. मग शिंपल्यांची एवढी भीती कशाला?

भीती त्यांची नाहीच. तिसऱ्या चिखल-वाळूत राहतात. कालवं, शिनाणे खडकाला धरतात, पण ती इथलीच आहेत आणि त्यांना खाणारेही इथेच आहेत. प्रश्न आहे बाहेरून आलेल्या, नखाएवढ्या, झुबक्यांनी वाढणाऱ्या शिंपल्यांचा. त्या चिवट धाग्यांनी कुठल्याही टणक गोष्टीला चिकटतात आणि एकमेकींच्या पाठीवरही थर चढवतात.

आपल्या दृष्टीने दोन नावं महत्त्वाची. पहिली काळ्या पट्ट्यांची शिंपली, मायटिलॉप्सिस सॅली. ती मूळची मध्य अमेरिकेच्या अटलांटिक बाजूची. भारतात १९६७ मध्ये विशाखापट्टणमला आणि त्यानंतर मुंबई बंदरात तिची नोंद झाली. म्हणजे ती आपल्या दारात येऊन सुमारे अर्धं शतक झालं. दुसरी चारू शिंपली, मायटेला स्ट्रिगाटा. तिची भारतातली पहिली नोंद २०१९ मध्ये केरळातून प्रसिद्ध झाली, आणि अष्टमुडीच्या खाजणात तिने हिरव्या शिनाण्यांची जागा बळकावली. शिनाण्यांवर पोट असणाऱ्यांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

२. बंदरातली शिंपली ठाण्याच्या तलावात चालत येणार आहे का?

टेम्पोतून येणार आहे. शिंपलीचं पिल्लू सुरुवातीला पाण्यात तरंगतं आणि मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढं असतं, त्यामुळे होडीच्या तळाशी राहिलेल्या दोन मगभर पाण्यात ते सहज मावतं. मोठी शिंपली इंजिनाच्या सांध्यात किंवा दोराच्या पिळात बसून येते.

दक्षिण अमेरिकेत सोनेरी शिंपली (गोड्या पाण्यातली आणखी एक परकी जात, प्रश्न ३ पाहा) १९९१ मध्ये ला प्लाता नदीच्या मुखाशी सापडली आणि पुढे वर्षाला सुमारे २४० किलोमीटर या वेगाने नदीच्या वरच्या अंगाला सरकत गेली. पिल्लं प्रवाहाविरुद्ध पोहू शकत नाहीत. त्यांना वर नेलं ते बोटींनी.

काळ्या पट्ट्यांच्या शिंपलीचं विशेष म्हणजे जवळजवळ गोड्या पाण्यापासून समुद्राहून खाऱ्या पाण्यापर्यंत ती सगळीकडे तगते. तिला संथ, बंदिस्त पाणी मानवतं. म्हणून नवी मुंबईतले होल्डिंग पाँड, म्हणजे खाडीला जोडलेली पाणी साठवायची तळी, आम्हाला ठाण्याच्या मासुंदा तलावापेक्षाही जास्त धोक्याची वाटतात. तिथे भरतीचं पाणी येतं, पण लाटांचा मारा नसतो.

३. बातम्यांत झेब्रा शिंपलीबद्दल वाचतो. ती इथे आली तर?

झेब्रा आणि क्वागा या थंड प्रदेशातल्या शिंपल्या. झेब्रा १९८८ मध्ये अमेरिका-कॅनडाच्या सीमेवरच्या सेंट क्लेअर सरोवरात सापडली. क्वागा जानेवारी २००७ मध्ये थेट पश्चिमेच्या वाळवंटातल्या लेक मीडमध्ये निघाली, आणि तिकडची बोटतपासणी खऱ्या अर्थाने कडक झाली ती त्यानंतर. झेब्राला तीसएक अंशांपुढचं पाणी फार काळ सोसत नाही, त्यामुळे मे महिन्यातला ठाण्याचा उथळ तलाव तिला मानवणार नाही. गोड्या पाण्यासाठी आपण खरी धास्ती घ्यावी ती सोनेरी शिंपलीची. तिचं मूळ चीन आणि आग्नेय आशियाकडचं, ती उष्ण पाण्यात वाढते आणि कवचासाठी तिला कॅल्शियमही कमी पुरतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये ती कॅलिफोर्नियातही सापडली.

तपासणीची पद्धत सगळ्यांसाठी एकच आहे. कोणती शिंपली आहे हे ओळखता आलं नाही म्हणून काही अडत नाही.

४. शिंपल्या पाणी गाळतात म्हणे. आमच्या तलावाचं पाणी हिरवंगार आहे, सोडल्या तर स्वच्छ होईल ना?

हा प्रश्न दर उन्हाळ्यात येतो, आणि विचारणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. एक प्रौढ झेब्रा शिंपली दिवसाला सुमारे लिटरभर पाणी गाळते, हे खरं. पण गाळलेलं सगळं ती खात नाही. हिरव्या शेवाळाच्या चांगल्या जाती गिळते आणि मायक्रोसिस्टिससारखे विषारी नील-हरित जीवाणू चिकट गोळ्या करून परत थुंकते. पाणी वरून नितळ दिसू लागतं, ऊन तळापर्यंत पोचतं, तळाशी पाणवनस्पती माजतात आणि वर नेमका नको तो थर उरतो. माशांच्या पिल्लांचं खाणंही संपतं.

त्यातून ठाण्याच्या तलावांत कारंजी आहेत, हवा खेळवणारे पंप आहेत. त्यांच्या पाण्यातल्या जाळ्या आणि नळ्या म्हणजे शिंपल्यांना आयती घरं. मेलेल्या शिंपल्यांची कवचं काठाशी साचली की अनवाणी उतरणाऱ्यांचे पाय कापतात, ते वेगळंच.

५. तपासणी म्हणजे नेमकं काय करायचं? किती वेळ लागतो?

कयाकला दहा मिनिटं, इंजिनाच्या होडीला अर्धा तास. सुरुवात टॉर्चने नाही, तीन प्रश्नांनी होते. होडी याआधी कोणत्या पाण्यात होती? तिथून किती दिवसांपूर्वी बाहेर काढली? आणि तिथे ती दिवसभरच होती की आठवडे नांगरून ठेवली होती?

तिसऱ्या प्रश्नावर अर्धी तपासणी ठरते. सकाळी उतरवून संध्याकाळी काढलेल्या होडीला शिंपली चिकटायला वेळच मिळालेला नसतो. तिच्यात धोका साचलेल्या पाण्याचा. महिनाभर जेट्टीला बांधलेल्या होडीत पाणी आणि चिकटलेल्या शिंपल्या, दोन्ही शोधाव्या लागतात. मग पाहणं, हात फिरवणं, पाणी काढणं, गरज असेल तर गरम पाणी आणि शेवटी वाळवणं. यातलं एकच करायला वेळ असेल तर पाणी काढा.

६. होडी कुठून कुठे बघायची? क्रम सांगा.

होडी ट्रेलरवर किंवा दोन टायरांवर अशी ठेवा की तळाखाली हात जाईल. नाळेकडून, म्हणजे पुढच्या टोकाकडून, सुरुवात करा, एका बाजूने मागे जा, दुसऱ्या बाजूने परत या. मध्येच सोडून इंजिनाकडे पळालात तर काहीतरी राहणारच.

तळावर सपाट भागापेक्षा कडा, खाचा आणि सावलीच्या जागा महत्त्वाच्या. शिंपलीला उजेड नको असतो आणि पाण्याचा झोतही नको असतो. कण्याच्या दोन्ही बाजू, बुचाभोवतीची कड, सुकाणूच्या बिजागऱ्या, पंख्यामागची फट, पाण्याची खोली मोजणाऱ्या यंत्राचा तळाला बसवलेला तुकडा आणि त्याच्या वायरीचा क्लिप बघा. होडी लाकडी असेल तर फळ्यांच्या सांध्यांत टॉर्च तिरपी धरा. समोरून मारलेल्या उजेडात शिंपली रंगात मिसळून जाते, तिरप्या उजेडात तिची सावली पडते.

मग दोरखंड. नांगराचा दोर पूर्ण उलगडून हातातून सोडा, वेटोळ्यावरून नजर फिरवून भागत नाही. नांगराच्या आकड्यांतला चिखल आणि साखळीच्या कड्या, जाळं, मासे ठेवायची जाळीची पिशवी, लाइफ जॅकेटचे पट्टे, होडी धक्क्याला घासू नये म्हणून बांधलेले जुने टायर. टायरच्या आत पाणी राहतं आणि ते कोणी बघत नाही.

शेवटी ट्रेलर. त्याचे पोकळ पाइप, रोलर आणि लाकडी पट्ट्यांवर ताणलेला गालिचा. ट्रेलर होडीबरोबर पाण्यात जातो, त्यामुळे त्यालाही हेच सगळे नियम.

जलपर्णीची मुळी किंवा इतर पाणवनस्पतीचा धागा दिसला तर तोही काढा. त्यात शिंपलीचं पिल्लू अडकलेलं असू शकतं, आणि जलपर्णी स्वतःही परकीच आहे. उल्हास नदीकाठच्या कुणालाही विचारा.

७. पिल्लं डोळ्यांना दिसत नाहीत तर तपासणीचा उपयोग काय?

पाण्यात तरंगणारी पिल्लं दिसत नाहीत, म्हणूनच पाण्याचा थेंबही न ठेवण्यावर एवढा भर आहे. चिकटून काही दिवस झालेली पिल्लं मात्र हाताला लागतात. स्वच्छ, गुळगुळीत तळावरून तळहात फिरवला आणि एखादा पट्टा पॉलिश पेपरसारखा खरखरीत लागला, तर तिथे भिंग लावून बघा. तो चुन्याचा डाग असू शकतो, वाळू असू शकते किंवा शिंपल्याही. वाळू पुसली जाते. शिंपली नखाने खरवडावी लागते आणि सुटताना बारीक धागे ताणले जातात.

जुन्या, पापुद्रे निघालेल्या रंगावर ही चाचणी चालत नाही. तिथे संशय धरून थेट प्रश्न ११ मधलं गरम पाणी.

८. काहीतरी चिकटलेलं सापडलं. शिंपली की दुसरंच काही?

पांढुरका, ज्वालामुखीसारखा शंकू आणि वर भोक असेल तर ते बार्नॅकल. खाडीतल्या होडीला ते असतातच. दोन झडपा असतील आणि धाग्यांनी धरलेलं असेल तर शिंपली. काळ्या पट्ट्यांची शिंपली बहुधा अडीच-तीन सेंटिमीटरच्या आत असते, आणि तिचं कवच उघडलं की निमुळत्या टोकाच्या आतल्या बाजूला एक छोटा पडदा दिसतो. चारू शिंपलीला आणि आपल्या शिनाण्यांना तो नसतो. हिरव्या शिनाण्याचं पिल्लू कडेला हिरवट चमकतं.

तलावात सापडणारी बोटभर लांबीची, चिखलात अर्धी रुतलेली तपकिरी शिंपली म्हणजे लॅमेलिडेन्स, आपली गोड्या पाण्यातली. ती होडीला चिकटत नाही. तिला हात न लावता राहू द्या.

९. माझी साधी प्लास्टिकची कयाक आहे. तिच्यात कुठे काय लपणार?

वर बसायच्या कयाकमध्ये पाणी निचरायची आरपार भोकं असतात, त्यांच्या कडांत लपतं. प्रत्येक भोकात बोट फिरवा. सीटखालचा फोमचा ठोकळा काढा, त्याच्या मागे ओला गाळ हमखास असतो. सुकाणू असेल तर त्याची दोरी जाते ती नळी फुंकून मोकळी करा. मागचं झाकण उघडा आणि कयाक उभी करून हलवा. आत पाण्याचा आवाज आला तर कुठेतरी चीर आहे. ते पाणी तलावाकाठी नको, घरी काढा.

फुगवायच्या बोटीत घडीच्या रेषा, झडपेची टोपी आणि तळाचा फुगा व कडेचे फुगे यांच्यामधली खोबण बघा. ओली घडी घालून पिशवीत ठेवलेली बोट आठवडाभराने उघडली तरी आतून दमटच असते. ही चूक फार जण करतात.

१०. आऊटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून लावलेल्या, इंजिनाचं काय करायचं?

पाण्याबाहेर काढल्यावर इंजिन उचललेल्या स्थितीत ठेवू नका. उभं खाली सोडा, म्हणजे आतलं थंडाव्याचं पाणी निथळतं. दोन-तीन मिनिटं थांबा. पाणी ओढायच्या जाळीवर टॉर्च मारा. पंख्याचा नट काढून मागे गुंडाळलेला गळाचा दोरा काढा, त्याखाली कचरा दबलेला असतो.

होडी दिवसभरापेक्षा जास्त काळ खाडीत असेल तर इंजिनाच्या आतूनही गरम पाणी फिरवावं लागतं. कानटोपीसारखे दोन रबरी कप जाळीवर बसवून पाइप जोडा, इंजिन मंद चालू ठेवा आणि बाहेर पडणाऱ्या धारेचं तापमान मोजा. आत गेलेलं नाही, बाहेर आलेलं पाणी ६० अंशांना पोचलं पाहिजे. पाण्याचा पुरवठा मध्येच तुटला तर पंपाचं रबर काही सेकंदांत जळतं. त्यामुळे बादलीभर पाण्यावर हा प्रयोग करू नका, साठा पुरेसा ठेवा.

११. गरम पाणी नेमकं किती गरम आणि किती वेळ?

होडीच्या बाहेरच्या अंगाला ६० अंश सेल्सिअस, प्रत्येक जागी सलग १० सेकंद. हे तापमान पृष्ठभागाचं आहे, गिझरच्या काट्याचं नाही. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. गिझरमधून ७० अंशांनी निघालेलं पाणी बादलीत, मगात आणि हवेतून थंड तळावर पडेपर्यंत बरंच उतरतं, आणि पातळ ओघळ दोन सेकंदांत निवतो. म्हणून मग तळाच्या अगदी जवळ धरा, वरून खाली सावकाश ओता आणि एका हातभर पट्ट्यावर तीन-चार मग सलग जाऊ द्या. पहिला मग फक्त होडी तापवतो.

तापमान मोजायला कोविडमध्ये घेतलेली कपाळाची बंदूक चालत नाही, ती चाळिशीच्या थोडं पुढे जाऊन अडकते. स्वयंपाकाचा टोचायचा थर्मामीटर किंवा कारखान्यात वापरतात ती इन्फ्रारेड बंदूक घ्या.

आतल्या टाक्या, तळाचा पंप, त्याच्या नळ्या यांना ६० अंश दिले तर रबर आणि वायरींचं नुकसान होतं. तिथे साधारण ५० अंशांचं पाणी भरून दोन मिनिटांहून जास्त ठेवा, मग काढा. लाइफ जॅकेट, दोर, जाळी, बूट यांना सगळ्यात सोपं म्हणजे टबात बुडवणं: ४५ अंश, १५ मिनिटं. टब निवतो, म्हणून ५० ने सुरुवात करा आणि मध्ये एकदा मोजा. फुगवायच्या बोटीचे चिकटवलेले सांधे जास्त उष्णतेने सुटतात, तिलाही हाच टबाचा हिशोब. प्लास्टिकची कयाक ६० अंश सोसते, पण तापलेली असताना पट्ट्याने आवळून ठेवू नका, तळाला खळगा पडतो.

हे आकडे प्रामुख्याने झेब्रा आणि क्वागावरच्या प्रयोगांतून आलेले आहेत. उष्ण पाण्यातल्या शिंपल्या थोडं जास्तच सोसतात, तेव्हा यातून वजाबाकी करू नका.

गाडी धुणाऱ्याकडचा प्रेशर वॉशर थंड पाण्याचा असतो. त्याने शिंपली सुटते, मरत नाही. सुटलेली शिंपली गटारातून नाल्यात आणि नाल्यातून खाडीत जाते. धुणं नेहमी तलावापासून आणि नाल्यापासून दूर, पाणी मातीत जिरेल अशा जागी.

१२. गरम पाणी नको, नुसती वाळवली तर? किती दिवस?

इथे अमेरिकेतले आकडे जसेच्या तसे उचलू नका. नेवाडाच्या कोरड्या उन्हात पाच-सात दिवस पुरतात, कारण तिथे पाणी उडून जातं. थंड, दमट हवेत मोठी शिंपली कवच मिटून दोन-तीन आठवडे, कधी त्याहून जास्त काळ जिवंत राहते. म्हणून तिकडेही सावध ठिकाणी ३० दिवसांचा नियम आहे.

आमचा हिशोब असा. एप्रिल-मेमध्ये उघड्या उन्हात, बूच काढून, झाकणं उघडी ठेवून दहा दिवस. ऑक्टोबर ते मार्च, तीन आठवडे. जून ते सप्टेंबर नुसत्या वाळवण्यावर विसंबूच नका. आर्द्रता ८०-९० टक्के असताना बाल्कनीतला टॉवेल वाळत नाही, फोममधलं पाणी काय वाळणार? पावसाळ्यात गरम पाणी, नाहीतर खाडीची होडी खाडीतच ठेवा.

वाळण्याचे दिवस शेवटचा थेंब गेल्यापासून मोजायचे, होडी बाहेर काढल्यापासून नाही. मध्ये पाऊस लागला तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

१३. मिठाचं पाणी, ब्लीचिंग, व्हिनेगर यांपैकी काय चालतं?

मीठ परदेशी पत्रकांत असतं, कारण तिथला शत्रू गोड्या पाण्यातला आहे. खाडीतून आलेल्या शिंपलीला मिठाचं पाणी म्हणजे माहेर. ते विसरा.

क्लोरीनची गंमत अशी की मोठ्या शिंपलीला त्याची चाहूल लागते, ती कवच मिटते आणि कित्येक दिवस उघडत नाही. तेवढ्यात तुमच्या होडीचे खिळे, बिजागऱ्या आणि लाइफ जॅकेटची शिवण मात्र खराब होते. व्हिनेगरने होडी धुवायची तर डब्यामागून डबे रिकामे होतील. गरम पाणी स्वस्त आहे, उरत नाही आणि तलावात गेलं तरी विष नाही.

१४. मासेमारी बंदीत होडी दोन महिने शाकारून ठेवली होती. तरीही तपासायची?

१ जून ते ३१ जुलै होडी वर ओढलेली, झाकलेली असेल आणि तळात पाणी साचलेलं नसेल, तर चिकटलेल्या शिंपल्या जिवंत राहण्याची शक्यता नगण्य. पण झावळ्या किंवा ताडपत्रीतून गळलेलं पाणी तळात राहिलं असेल तर ते आधी उपसा, आणि मेलेली कवचं खरवडून काढा. नाहीतर पुढच्या वेळी जुनं कोणतं, नवं कोणतं हे कळत नाही. या होड्या तलावात सहसा जातच नाहीत. जातात ते त्यांचे दोर, नांगर आणि जुनी जाळी, कोणीतरी मागून नेलेली. खरं लक्ष तिकडे द्या.

१५. विसर्जनाच्या तराफ्यांना हे लागू आहे का?

हो, आणि याकडे कोणाचं लक्ष नसतं. खाडीघाटावर वापरलेला तराफा दुसऱ्या दिवशी तलावावर नेला जातो. पिंपांवर बांधलेल्या तराफ्यात पिंपांच्या मधल्या फटी, दोरांच्या गाठी आणि फुटलेल्या पिंपातलं पाणी या तीन जागा. गणपतीत धुवायला-वाळवायला कोणाला सवड नसते, त्यामुळे व्यवहार्य उपाय एकच: खाडीचे तराफे वेगळे, तलावाचे वेगळे, आणि ओळखायला पिंपांवर दोन रंगांचे पट्टे.

१६. पुरात बचावाची बोट थेट खाडीतून आणली तर?

आणायचीच. माणूस छपरावर बसलेला असताना शिंपल्या मोजत नाहीत. मोहीम संपल्यावर बोट गोदामात जाण्याआधी प्रश्न ६ आणि ११ प्रमाणे साफ करा, इतकंच. सरावासाठी तलावावर बोट नेताना मात्र ही सूट नाही.

१७. माझी होडी एकाच तलावात असते. तरी दर वेळी तपासू?

नाही. बाहेर कुठे गेली नाही, बाहेरचा दोर-नांगर आला नाही, तर गरज नाही. तलावातल्या पेडल बोटी मात्र दुरुस्तीला बाहेर जातात आणि कधी दुसऱ्या तलावावरून बदली बोट येते. ती पोकळ फायबरची असते आणि चिरेतून आत पाणी भरलेलं असतं. बदली बोट उतरवण्याआधी तिचा पोकळ भाग रिकामा करा, पेडलच्या पेटीत हात घालून बघा.

पिण्याच्या पाण्याच्या धरणांवर, मग ते भातसा असो, बारवी असो की मोरबे, परवानगीशिवाय बोट नेऊच नका. परवानगी असली तरी तिथे आम्ही खाडीत जाऊन आलेली बोट कितीही धुतली तरी नेणार नाही. पाणी ओढणाऱ्या जाळ्या आणि पाइप एकदा शिंपल्यांनी भरले की लाखो घरांचा नळ त्यांच्या हातात जातो.

१८. शिंपली सापडली. आता?

होडी पाण्यात सोडू नका. सापडलेली शिंपली पाण्यात परत फेकू नका. चिकटलेल्या स्थितीत फोटो काढा, शेजारी दहा रुपयांचं नाणं ठेवून. तीन-चार नमुने धाग्यांसकट काढून छोट्या बाटलीत स्पिरिटमध्ये ठेवा, आणि कागदावर पेन्सिलीने तारीख, जागा आणि होडीचं मागचं पाणी लिहून चिठ्ठी बाटलीतच टाका. शाई स्पिरिटमध्ये विरघळते.

कवच उघडं आणि कोरडं असेल तर शिंपली मेलेली. मिटलेलं असेल तर जिवंत समजा. खाडीच्या होडीवर काळ्या पट्ट्यांची शिंपली मिळणं ही बातमी नाही, ती साफ करून विषय संपतो. पण तलावाच्या पायरीवर, कारंज्याच्या पाइपवर किंवा कधीच बाहेर न गेलेल्या बोटीवर मिळाली तर ती बातमी आहे. तलाव ज्या महापालिकेचा असेल तिला आणि जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयाला लेखी कळवा. जात ओळखायला पुण्यातलं भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं पश्चिम प्रादेशिक केंद्र किंवा वर्सोव्याची केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था यांच्याकडे जाणकार आहेत.

१९. बोटीशिवाय आणखी कशातून येऊ शकतात?

मत्स्यबीजाच्या पाण्यातून. बोटुकली, म्हणजे माशांची बोटभर पिल्लं, सोडताना पिशवीतलं पाणी तलावात ओतू नका, मासे जाळीने गाळून सोडा. मत्स्यालयातूनही. मार्च २०२१ मध्ये अमेरिकेत दुकानांत विकायला आलेल्या शेवाळाच्या हिरव्या गोळ्यांमध्ये झेब्रा शिंपल्या सापडल्या आणि देशभर गोळे परत मागवावे लागले. घरचा फिशटँक तलावात रिकामा करणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं.

२०. इथे कोणी अडवत नाही. कायद्याने बंधन आहे का?

अमेरिकेच्या पश्चिम राज्यांत रस्त्यावर तपासणी नाके आहेत. साफ केलेली बोट ट्रेलरला तारेने बांधून सील ठोकतात, आणि सील तुटलेलं असेल तर पुन्हा तपासणी. आपल्या तलावांवर तसा नाका नाही. २०२२ च्या दुरुस्तीने वन्यजीव संरक्षण कायद्यात कलम ६२अ आलं आणि परक्या आक्रमक जातींची आयात, व्यापार, बाळगणं, प्रसार यांवर निर्बंध घालण्याचा अधिकार केंद्राला मिळाला. त्यात तुमच्या कयाकचा उल्लेख नाही. तूर्त नाकाही तुम्ही आणि शिपाईही तुम्हीच.

नाके असूनही चूक होते, हेही खरं. आयडाहोने वर्षानुवर्षं बोटी तपासल्या, तरी सप्टेंबर २०२३ मध्ये स्नेक नदीत क्वागाची पिल्लं निघालीच आणि नदीच्या पट्ट्यात तांब्याचं औषध सोडावं लागलं.

२१. एकदा तलावात शिरल्या तर काढता येतात का?

क्वचित, आणि तलाव बंदिस्त असेल तरच. मार्च १९९९ मध्ये ऑस्ट्रेलियात डार्विन शहरातल्या तीन मरिनांमध्ये, म्हणजे बोटी लावायच्या बंदिस्त धक्क्यांमध्ये, हीच काळ्या पट्ट्यांची शिंपली सापडली. त्यांना पाणी अडवायचे दरवाजे होते. ते लावून क्लोरीन आणि मोरचूद ओतलं आणि शिंपली संपवली, अर्थात आतलं बाकीचंही बरंच काही मेलं. २००६ मध्ये व्हर्जिनियातल्या मिलब्रुक खाणीच्या तळ्यात पोटॅशने झेब्रा मारली, ती मात्र मासे राखून. ठाण्याचे बरेच तलाव लहान आणि चारी बाजूंनी बांधलेले आहेत, त्यामुळे लवकर कळलं तर आशा आहे. खाडीत, नदीत किंवा धरणात मात्र नाही.

२२. जुनी फायबरची बोट विकत घेतली. तळाच्या दुहेरी कवचात फोम आहे आणि बुचातून चार दिवस झाले तरी थेंब पडतोय. काय करू?

फोम ओला झालाय. या एका प्रकाराला वरचा कोणताही उपाय पूर्ण लागू पडत नाही. गरम पाणी फोमच्या आत पोचत नाही आणि ऊन तर नाहीच. बोटीचा पुढचा भाग हातभर उंच करून मागे निचरा होऊ द्या, तळाला सर्वांत खालच्या जागी दोन छोटी भोकं पाडून आतलं पाणी काढा आणि छपराखाली पंखा लावून ठेवा. थेंब थांबल्यावर ३० दिवस मोजा. तेवढ्यात ती भोकं फायबरने बुजवू नका, नाहीतर आत राहिलेलं पाणी तसंच कोंडलं जाईल. बोट वजनाला नेहमीपेक्षा जड लागतेय तोवर फोम ओलाच समजा. विकणाऱ्याने ती कोणत्या पाण्यात ठेवली होती हे सांगितलं नसेल, तर खाडीत होती असं धरून चाला आणि हा पहिला हंगाम तिला खाडीतच वल्हवा.